गोळेश्वरचा मल्ल

मी बॅडमिंटन खेळते. अंकासाठी एखाद्या खेळाडूचे चरित्र लिहून दे, असे मराठीच्या सरांनी सांगितले तेव्हा साहजिकच माझ्या डोळ्यांपुढे नंदू नाटेकर आले. सांगलीत जन्मलेले नाटेकर १९५६ मध्ये क्वालालंपूरला सेलंगोरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून आले. बॅडमिंटनमध्ये परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. चार पाने लिहायला एवढे पुष्कळ होते. शनिवारी मी गावी गेले आणि रात्री जेवताना हा विषय घरात काढला.

आमच्या बाबांना बॅडमिंटन कळत नाही. फुलाला मारायचा खेळ, एवढेच ते म्हणतात. ते स्वतः कुस्ती खेळत. लग्न होईपर्यंत पोळ्याच्या करीला आसपासच्या गावांतल्या दंगलींत ते उतरत. त्यांनी जिंकलेला एक पितळी गुंड अजून आमच्या घरी आहे आणि माय रोज त्यात पाणी भरते. बाबा चौथीपर्यंत शिकले. पण दंगलीत कुस्त्या जोडताना जुने पहेलवान जे काही सांगत ते त्यांच्या चांगले लक्षात आहे. त्यांनी मला विचारले, की कराडकडचा तो पहेलवान, ज्याच्यासाठी मास्तराने स्वतःचे घर गहाण टाकले, त्याच्यावर का लिहीत नाहीस?

मला नाव सुद्धा धड माहीत नव्हते. सोमवारी ग्रंथालयात गेले आणि खाशाबा जाधव सापडले. त्यानंतर नाटेकरांकडे वळणे काही झाले नाही. एक तर गहाण हा शब्द आमच्या घरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. दुसरे कारण पुढे येईलच.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर या लहानशा गावी झाला. कृष्णा आणि कोयना यांचा संगम कराडला होतो, त्यामुळे तो भाग आपल्या कोरडवाहू वावरांसारखा नाही. पण शेतकऱ्याचे घर ते शेतकऱ्याचेच घर. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा धाकटे. पाच वर्षांचे असतानाच वडिलांनी त्यांना मातीत उतरवले. त्या मुलखात कुस्ती म्हणजे नुसती करमणूक नव्हती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला होता, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान बांधून झाले होते, आणि गावोगावच्या तालमींत पोरे पहाटे उठून जोर-बैठका काढत होती. आपल्याकडेही ही परंपरा अगदीच परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे आहे, आणि १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन देशी खेळ करून दाखवले होते. ही गोष्ट बाबांना मी सांगितली तेव्हा त्यांना ती आधीच माहीत होती!

खाशाबांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. ते शाळेत असतानाच १९४२ चे आंदोलन पेटले. सातारा जिल्हा म्हणजे नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा जिल्हा. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांच्या चिठ्ठ्या इकडून तिकडे पोचवणे, अशी कामे या शाळकरी मुलाने केली. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा त्यांनी मनाशी ठरवले, की आपण ऑलिंपिकमध्ये तिरंगा फडकवायचा. असे संकल्प त्या दिवशी देशातल्या किती तरुणांनी केले असतील! फरक इतकाच, की हा तरुण दुसऱ्याच वर्षी लंडनला पोचला.

पण त्याआधीची एक हकीकत मला फार आवडते. पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले होते. कॉलेजचे वार्षिक सामने होते. खाशाबा क्रीडाशिक्षकांकडे गेले आणि कुस्तीसाठी आपले नाव घ्यावे अशी विनंती केली. शिक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचे. नाव घ्यायला त्यांनी नकार दिला. खाशाबा गप्प बसून परत आले नाहीत, ते सरळ प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी उतरायची परवानगी दिली आणि या किरकोळ मुलाने आपल्यापेक्षा थोराड मल्लांना एकामागून एक चीत केले.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. मी शाळेत असताना तालुक्याच्या सामन्यांसाठी मुली निवडल्या जात होत्या. मी रांगेत उभी होते. खेळाच्या सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि बाजूला उभे राहायला सांगितले. माझी उंची कमी होती आणि हातपायही काडीसारखे होते. खेळून दाखव, असे काही ते म्हणाले नाहीत. मुख्याध्यापकांकडे जाऊन दाद मागता येते, ही कल्पनासुद्धा मला त्या वेळी सुचली नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली. मोठ्या साहेबांच्या दारात उभे राहून आपले म्हणणे सांगायचे असते, हे आम्हाला कोणी शिकवलेले नसते. खाशाबांना ते कोणी शिकवले होते कोण जाणे. शरीराच्या ताकदीइतकीच मला त्यांची ही हिंमत मोठी वाटते. पुढे निवडीच्या वेळीही तीच त्यांच्या कामी आली.

कोल्हापुरात त्यांना बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन मिळाले. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची आणि त्याला अंगावरून फेकायचे. मोठ्या अंगाच्या मल्लाचे वजनच त्याच्यावर उलटवणारा हा डाव लहान अंगाच्या माणसाला शोभून दिसत असला पाहिजे.

१९४८ चे लंडन ऑलिंपिक. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे गेल्यावर मात्र खाशाबांना वेगळीच अडचण आली. आजवरचे सगळे आयुष्य मातीत गेले होते आणि तिथे गादीवर खेळायचे होते. वाचकांपैकी ज्यांनी दंगल पाहिली आहे त्यांना हा फरक लगेच कळेल. मातीत पाय रुततो, अंगाला माती लागली की पकड घट्ट बसते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागेपर्यंत कुस्ती चालते, मग अर्धा तास लागो की तास. गादीवर पाय सरकतो. वेळ ठरलेली, गुण मोजणारे पंच बसलेले. पाठ लागली नाही तरी गुणांवर हारजीत ठरते. म्हणजे खेळ एकच, पण त्याचे व्याकरण निराळे. आमच्या बॅडमिंटनमध्ये उघड्या अंगणात खेळणारी मुलगी पहिल्यांदा लाकडी कोर्टवर गेली की तिची जी फजिती होते, त्याच्या शंभरपट ही फजिती असणार.

अमेरिकेचे रीस गार्डनर या जुन्या कुस्तीगिराने लंडनमध्ये त्यांना तयार केले. ५२ किलोच्या गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले, इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते टिकले नाहीत. सहावा क्रमांक आला. गादीशी नुकतीच ओळख झालेल्या बावीस वर्षांच्या मुलाचा जगात सहावा क्रमांक! आपण मात्र सहावा म्हटले की पान उलटतो. खाशाबा स्वतः समाधानी नव्हते. परत आल्यावर त्यांनी पुढच्या चार वर्षांत वजन वाढवले, मेहनत वाढवली आणि ५७ किलोच्या गटात उतरायची तयारी केली.

आता १९५२. हेलसिंकीला जाणाऱ्या संघाची निवड झाली आणि खाशाबांचे नाव त्यात नव्हते. मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास या मल्लाविरुद्ध त्यांना एका गुणाने पराभूत ठरवण्यात आले होते. हा निर्णय न्याय्य नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. पुन्हा तेच घडले. राजाराम कॉलेजात प्राचार्यांकडे गेलेला हा मुलगा आता पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागायला गेला. महाराजांनी दोघांची कुस्ती पुन्हा लावायला सांगितले. त्या कुस्तीत खाशाबांनी निरंजन दासला चीतपट केले. पाठच जमिनीला लागल्यावर गुण मोजायचा प्रश्नच उरला नाही.

निवड झाली. पण हेलसिंकीला जायचे कशाने?

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या मते खाशाबांच्या चरित्रातला सर्वांत मोठा सामना हा आहे आणि तो गादीवर झालेला नाही. देश नवा होता, तिजोरीत फारसे काही नव्हते, हे मान्य. तरीही ज्याला देशाचा झेंडा घेऊन पाठवायचे त्याने आपले भाडे आपणच जमवायचे, ही गोष्ट आज वाचताना चमत्कारिक वाटते. खाशाबा आणि त्यांचे कुटुंबीय गावोगाव हिंडले. लोकांनी यथाशक्ति वर्गणी दिली. सरकारकडून चार हजार रुपये मिळाल्याचा उल्लेख आहे. तेवढ्याने भागत नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये या आपल्या विद्यार्थ्याच्या हाती दिले.

सात हजार! १९५२ मधले सात हजार. आणि तेही कशासाठी? पदक मिळेल याची खात्री कोणाला होती? मागच्या वेळी सहावा आला होता. स्वतंत्र भारताच्या एकाही खेळाडूला तोवर वैयक्तिक पदक मिळालेले नव्हते. कोणताही व्यवहारी माणूस म्हणाला असता, की शंभर रुपये देतो, आशीर्वाद देतो, जा. प्राध्यापक मंडळी हा लेख वाचतील म्हणून मी हे खुशामतीने लिहीत नाही. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी घरे गहाण ठेवावीत असेही माझे म्हणणे नाही. खरे तर तशी वेळच येऊ नये. परंतु ती वेळ आली तेव्हा एका माणसाने तसे केले, ही नोंद राहिली पाहिजे.

मागच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी माझी निवड झाली तेव्हा मला गादीवरच्या मल्लासारखेच झाले होते. एस.टी.ला आम्हा बायकांना अर्धे तिकीट असते, तेव्हा भाड्याचे काही विशेष नव्हते. पण कोर्टवर चालतील असे बूट माझ्याकडे नव्हते, आणि जुन्या रॅकेटची जाळी सैल झाली होती. त्या वर्षी पऱ्हाटीवर बोंडअळी आली होती. घरी पैशाचे नाव काढण्यासारखी स्थिती नव्हती. मी येत नाही म्हणून सांगायला गेले तर आमच्या मॅडमनी पर्समधून अकराशे रुपये काढून दिले. ना चिठ्ठी, ना सही. मी दुसऱ्याच फेरीत हरले. तोंड दाखवायची लाज वाटत होती. दिवाळीच्या सुटीत माय आणि मी लोकांच्या वावरात कापूस वेचायला गेलो आणि सुटी संपल्यावर मी अकराशे रुपये मॅडमपुढे ठेवले. मला वाटले होते की त्या राहू दे म्हणतील. पण त्यांनी ते मोजून घेतले. आणि मला फार बरे वाटले.

पुन्हा हेलसिंकीकडे वळू. ५७ किलो गटात, मुक्त पद्धतीच्या कुस्तीत, खाशाबांनी सुरुवातीला कॅनडाच्या अॅड्रियन पोलिक्विनला चीत केले. मग मेक्सिकोच्या बसुर्तोला चीत केले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झने पाठ लावू दिली नाही, पण गुणांवर खाशाबाच जिंकले. आता पदकाच्या रिंगणात होते जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत रशियाचा रशीद ममदबेकोव्ह आणि गोळेश्वरचे खाशाबा जाधव. या शेवटच्या दोन्ही लढती ते गुणांवर हरले. एका लढतीनंतर दुसरी खेळण्यापूर्वी मल्लाला अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. खाशाबांना मात्र दमलेल्या अंगाने लगेच गादीवर बोलावले गेले, आणि त्यांच्या बाजूने हरकत घ्यायला एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता, असे सांगितले जाते.

काही लोक यावरून म्हणतात, की विश्रांती मिळाली असती तर सुवर्णपदकच आले असते. मला असे म्हणवत नाही. इशी हा मूळचा ज्यूदो खेळणारा, अतिशय चपळ मल्ल होता, आणि हेलसिंकीत जपानला जे एकमेव सुवर्णपदक मिळाले ते त्यानेच मिळवले. त्याचे मोठेपण कमी करून खाशाबांचे वाढत नाही. पण हरकत घ्यायला एक माणूस हवा होता, हे मात्र खरे. दोनदा ज्याने स्वतः जाऊन दाद मागितली, त्याला त्या दिवशी परक्या देशात, परक्या भाषेत, धापा टाकत असताना ती मागता आली नाही.

२३ जुलै १९५२. खाशाबांना ब्राँझ पदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधले ते पहिले वैयक्तिक पदक. त्याआधी १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्यात दोन रौप्यपदके मिळवली होती, पण तो काळ इंग्रजांचा. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने हॉलंडला ६–१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले, त्यात बलबीर सिंग यांनी एकट्याने पाच गोल केले. साहजिकच सगळा गाजावाजा हॉकीचा झाला. कोल्हापूरचेच केशव माणगावे त्याच ऑलिंपिकमध्ये ६२ किलो गटात चौथे आले. त्यांची आठवण तर आज कुस्तीच्या शौकिनांनाच असेल.

देशाला पदकाचे मोल कळायचे होते. गोळेश्वरला ते त्याच दिवशी कळले. खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनवर शंभराहून जास्त बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल-ताशे, लेझीम, गुलाल. एरवी पाव तासात संपणारी वाट, त्या दिवशी मिरवणुकीला सात तास लागले. मी हा भाग घरी वाचून दाखवला तेव्हा बाबा हातातले काम ठेवून ऐकत होते. शंभर बंड्या एका ओळीत उभ्या केल्या तर किती लांब जातील, याचा त्यांनी हिशेब सुरू केला. आमच्याकडच्या शंकरपटालासुद्धा इतक्या जोड्या एका वेळी कधी पाहिल्या नाहीत, असे म्हणाले. मग ते एकदम गप्प झाले आणि त्यांनी विचारले, की हे सगळे ठीक आहे, पण त्या मास्तरांचे घर सुटले का?

घर सुटले. खाशाबांनी परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात स्वतः उतरले, जिंकले, आणि जमलेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवून दिले. जागतिक कीर्तीचा मल्ल पदकानंतर पुन्हा मातीत उतरला तो कर्ज फेडायला. हेलसिंकीच्या गादीवरच्या तीन विजयांपेक्षा ही कुस्ती मला मोठी वाटते. बाबांनी हे ऐकून मान डोलावली आणि पुढचे वाचायला सांगितले.

पुढचे फारसे सुखाचे नाही, आणि लिहायलाही थोडेच आहे. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक त्यांच्या डोळ्यांपुढे होते. ब्राँझचे सोने करायचे होते. पण गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि ते स्वप्न तिथेच राहिले. खात्याच्या अंतर्गत स्पर्धा त्यांनी जिंकल्या, पोलिसांना खेळाचे शिक्षण दिले. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. ज्याच्या नावावर देशाचे पहिले वैयक्तिक पदक, त्याने कागद घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे! मला राहून राहून वाटते, की तिथेही त्यांनी तेच केले असेल, जे राजाराम कॉलेजात केले होते. सरळ दारात जाऊन उभे राहिले असतील. पण कचेरीत कोणी प्राचार्य नसतो.

१९८२ मध्ये दिल्लीला आशियाई क्रीडा स्पर्धा भरल्या तेव्हा क्रीडाज्योतीच्या दौडीत त्यांना मानाने सामील करून घेतले. देशाने त्यांच्या हयातीत केलेला जवळजवळ एवढाच सन्मान. त्यांनी गोळेश्वरला बांधलेल्या घराला ‘ऑलिंपिक निवास’ असे नाव दिले होते. या नावात मला थोडा अभिमान दिसतो आणि थोडे दुःखही. दुसरे कोणी आठवण ठेवत नसेल तर माणूस ती आपल्या घराच्या भिंतीवर लिहून ठेवतो.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी कराडजवळ मोटारसायकलच्या अपघातात खाशाबांचा मृत्यू झाला. वय अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी गावोगाव झेंडावंदन होते.

आता ते दुसरे कारण. देशात अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. त्या पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत आमच्या बॅडमिंटनचे नंदू नाटेकर होते. ते योग्यच झाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नाटेकरांच्या चार वर्षे आधी ऑलिंपिकमधून पदक घेऊन आलेल्या खाशाबांना मात्र हा पुरस्कार २००० सालचा मिळाला, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कारही मरणोत्तरच. पद्म पुरस्कार तर हयातीत मिळालाच नाही. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. नाटेकर सांगलीचे, खाशाबा कराडचे. दोन्ही गावे कृष्णाकाठची. एकाचा खेळ जिमखान्यात वाढला आणि दुसऱ्याचा तालमीत. उशीर होण्याचे हेच कारण असेल असे मी छातीठोक सांगू शकत नाही, पण मनात आल्याशिवाय राहत नाही. नाटेकरांवर लिहायला पुढच्या वर्षी कोणीतरी मिळेल, असा विचार करून मी इकडे वळले.

एक गोष्ट कबूल करते. अलीकडे महाराष्ट्र शासनाने खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला आहे. गेल्या वर्षी त्या दिवशी सकाळी मीही मैदानावर रांगेत उभी होते, टाळ्याही वाजवल्या. दिवस कोणाचा आहे, हे मी कोणाला विचारले नव्हते.

खाशाबांनंतर भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये ब्राँझ मिळवले, तोवर चव्वेचाळीस वर्षे गेली होती. आणि महाराष्ट्राच्या माणसाला पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते थेट २०२४ मध्ये, पॅरिसला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत ब्राँझ जिंकले. मधे बहात्तर वर्षे गेली. हे सगळे मी घरी सांगत होते. बाबा आडवे झाले होते, मला वाटले त्यांना झोप लागली. पण त्यांनी अंधारातूनच विचारले, की त्या पोराला जायला पैसे कोणी दिले? मी सांगितले, की आता सरकार देते, शिवाय तो तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणजे भाडे तसेही लागले नसते.